शेवटची सायकल

तिला सगळे वहिनी म्हणायचे. खरं तर ती एकीचीच वहिनी होती, नवऱ्याच्या धाकट्या बहिणीची. पण ती नणंद जिथे जाईल तिथे "माझी वहिनी असं म्हणते, माझ्या वहिनीने तसं केलं" असा जप लावायची. त्यामुळे आधी गल्लीची, मग बाजाराची आणि शेवटी सायकल क्लबचीही ती वहिनी होऊन बसली.

बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. नवीन कपडा ती शिवत नसे. पँट आखूड करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची, उसवलेलं शिवायचं. "माणसं सुटतात आणि दोष कपड्यांना देतात," असं ती हसत म्हणायची, आणि तोंडातली टाचणी काढून कापडात खुपसायची.

नणंदेला घरात भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं नाव चाळिशी आली तरी सुटलं नव्हतं. आईवडील लवकर गेले, भावानेच तिला वाढवलं. तिचं लग्न एकदा ठरलं, मोडलं, आणि पुन्हा तो विषय निघाला नाही, किंवा निघाला तेव्हा तिने हसण्यावारी नेला. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती कामाला होती. लोक उपाशीपोटी येतात म्हणून लॅब उजाडायच्या आत उघडायची, आणि त्या वेळेला बस नसायची. म्हणून सायकल.

"तुझा धंदाच लोकांचं रक्त प्यायचा," भाऊ चिडवायचा.

"दादा, मी नुसतं काढते. पिणारे वेगळे. ते महापालिकेत बसतात."

नणंद-भावजयीचं सख्य म्हणजे विळ्या-भोपळ्याचं, असं म्हणतात. या दोघींनी ती म्हण खोटी पाडली होती. संध्याकाळी लॅबमधून येताना भिंगरी आधी दुकानात शिरायची, कपड्यांच्या ढिगावर बैठक मारायची आणि दिवसभराच्या गमती सांगायची. सुई पाहून बेशुद्ध पडणारा पैलवान, स्वतःचं रक्त लाल आहे याची खात्री करून घेणारी म्हातारी. वहिनीला हसताना शिलाई सरळ मारता यायची नाही. मग ती म्हणायची, "ऊठ आता. तुझ्यामुळे एका माणसाचा एक पाय आखूड होणारे."

घर ते लॅब हा रस्ता म्हणजे रिंगरोड. ट्रकसाठी बांधलेला, रुंद आणि गुळगुळीत. पण कारखान्यात जाणारे, शाळेत जाणारे, पेपर टाकणारे, सगळे त्याच रस्त्याने सायकली दामटायचे, कारण दुसरा रस्ता गावाला वळसा घालून जात होता. कडेला सायकलींसाठी म्हणून एक पांढरी रेघ ओढली होती. ट्रकांच्या चाकांनी ती केव्हाच पुसून टाकली. दर वर्षी दोन-चार जण त्या रस्त्यावर जिवानिशी जायचे. चार दिवस लोक हळहळायचे, पाचव्या दिवशी पुन्हा पायडल मारायचे. पोट काही रिंगरोडला विचारून भरत नाही.

एकदा एका ट्रकच्या आरशाने भिंगरीला उडवलं. ती कडेच्या गटारात पडली आणि खांद्याचं हाड मोडलं. ट्रक थांबलाही नाही. वहिनीने दीड महिना तिची वेणी घातली, तिला शर्ट घालून दिला, पुढून उघडणारे सगळे शर्ट तिच्यासाठी बाहीपासून उसवून चिकटपट्टी लावून दिले. खांदा भरून आला तशी भिंगरी पुन्हा सायकलवर बसली. भाऊ खूप ओरडला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, रोज खोल खड्ड्यावर लटकून काम करायचा, पण बहीण रिंगरोडवर गेली की याचं सारखं घड्याळाकडे लक्ष.

"मग उडत जाऊ का?" भिंगरी म्हणाली.

त्याच सुमारास ती सायकल क्लबात जाऊ लागली. क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. बोलायला गोड, कामाला वाघ. रिंगरोडला सायकलींची वेगळी, कठडा घातलेली लेन हवी म्हणून त्यांनी अर्ज करकरून हात टेकले होते. शेवटी त्यांना एक कल्पना सुचली. शर्यत ठेवायची. सगळ्यांसाठी. कारखान्यातल्या जुन्या सायकलीपासून महागड्या सायकलीपर्यंत कोणीही यावं. अर्धा दिवस रस्ता बंद राहील, महापौर झेंडा दाखवायला येतील, कॅमेरे येतील, आणि त्या कॅमेऱ्यांसमोर त्यांच्या तोंडून लेनचं वचन काढून घ्यायचं.

"दात उपटायचा तर तोंड उघडं असतानाच उपटावा लागतो," डॉक्टर म्हणाले.

क्लबाची भगभगीत पिवळी जर्सी सगळ्यांना ढगळ झाली होती. ती वहिनीने सगळ्यांच्या मापाला बसवून दिली, आणि त्याच भरात वळणाजवळच्या नाक्यावर उभं राहायचंही कबूल केलं. वस्तीतून येणारी गल्ली जिथे रिंगरोडला मिळते तो हा नाका. तिथे बॅरिकेड लावायचं, शर्यत चालू असेतो कोणतीही गाडी रस्त्यावर येऊ द्यायची नाही, एवढंच काम. सोबत एक हवालदार असणार होता. डॉक्टरांनी सगळ्यांना वॉकीटॉकी दिले आणि बजावलं की मी सांगेपर्यंत बॅरिकेड हलवायचं नाही. सगळ्यांच्या मागून एक जीप येईल, तिला झाडू म्हणायचं. मागे राहिलेल्यांना गोळा करत ती येते. झाडू गेली म्हणजे तुमच्या नाक्यापुरती शर्यत संपली. तरीही माझा निरोप येऊ दे.

शर्यतीच्या दिवशी भिंगरी इतकी उल्हासात होती की तिने सकाळी चहा घेताना भावाच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं आणि म्हणाली, "दादा, आज तुझ्या बहिणीला ट्रकवाले सलाम ठोकणार."

"पहिली येणार का?"

"शेवटून."

भावालाही हसू आलं. तो त्या दिवशी कामावर गेला. एका इस्पितळाची लिफ्ट अडकली होती. जाताना म्हणाला, "पाणी पीत राहा. आणि उतारावर ब्रेक जपून."

रस्ता बंद झाला तेव्हा वहिनीला तो ओळखूच येईना. ट्रक नाहीत, हॉर्न नाही, धूळ नाही. पाखरांचे आवाज येत होते. मग वळणावरून सायकली येऊ लागल्या. पुढचे खाली मान घालून, चाकाला चाक लावून सुसाट गेले. मागून येणारे गप्पा मारत आले. पेपरवाले, शाळेतल्या मुली, कारखान्याचा एक चौकीदार डब्याची पिशवी हँडलला लावून. वस्तीतली माणसं गल्लीच्या तोंडाशी उभी राहून टाळ्या वाजवत होती. वहिनी शिट्टी फुंकून फुंकून दमली, पण असं वाटत होतं की रस्ता एक दिवसापुरता का होईना, माणसांचा झालाय.

भिंगरी मात्र दिसली नव्हती. वहिनीला वाटलं, घोळक्यात निघून गेली असेल. क्लबाचे सगळे पिवळे, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट. ओळखणार कशी?

थोड्या वेळाने हवालदाराला फोन आला. महापौर शर्यत संपायच्या जागी पोचत होते, तिकडे माणसं कमी पडत होती. "आता काय उरलंय इथे? दहा मिनिटांत येतो," असं म्हणून तो मोटारसायकलवर बसून गेला. टाळ्या वाजवणारेही बक्षीस समारंभ बघायला तिकडेच गेले. नाक्यावर वहिनी एकटी उरली.

मग झाडू आली. जीपमध्ये बेकरीवाला होता, क्लबाचा खजिनदार, वहिनीचं जुनं गिऱ्हाईक. मागे दोन सायकली आणि दोन दमलेली पोरं घातलेली. त्याने हात हलवून ओरडून सांगितलं, "संपलं वहिनी! आम्हीच शेवटचे! मागे चिटपाखरू नाही!"

जीप दिसेनाशी झाली. वहिनी डॉक्टरांच्या निरोपाची वाट बघत उभी राहिली. निरोप येईना. दूरवरून लाऊडस्पीकरचा आवाज येत होता. महापौरांचं भाषण सुरू झालं होतं.

तेवढ्यात गल्लीतून एक डबडी व्हॅन भरधाव आली आणि बॅरिकेडला नाक लावून थांबली. अंगावर रंगाचे शिंतोडे उडालेला एक तरुण उतरला. घरं रंगवणारा होता तो. मागच्या सीटवर त्याची बायको आडवी पडली होती, रंगाच्या डब्यांच्या शेजारी.

"ताई, उघडा. बायकोला नेतोय. पाणी गेलंय तिचं."

"रस्ता बंद आहे दादा. पाच मिनिटं थांबा, निरोप येतोय."

"पाच मिनिटं? तुम्ही बघा तरी तिच्याकडे!"

वहिनीने आत पाहिलं. बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती ओरडतही नव्हती. सीटची कड दातात धरली होती. सीटवर रक्त होतं. स्वतः वहिनीला मूल झालं नव्हतं. दोनदा राहिलं होतं, दोनदा गेलं होतं. त्या रक्ताचा रंग तिला सांगावा लागला नाही.

तिने वॉकीटॉकीचं बटण दाबलं. "डॉक्टर, मी वळणाच्या नाक्यावरून बोलतेय. एका बाईला दवाखान्यात न्यायचंय. रस्ता मोकळा आहे का? डॉक्टर?" खरखर. पुन्हा दाबलं. पुन्हा खरखर, आणि मागे टाळ्यांचा आवाज.

"ताई, दुसरी वाट नाही. गावाला वळसा घालून गेलो तर एक तास जाईल. हात जोडतो," रंगारी म्हणाला. आणि खरंच त्याने हात जोडले.

दवाखाना शर्यत जिकडून येत होती त्या बाजूला होता. वहिनीने वळणापर्यंत नजर टाकली. रस्ता रिकामा. झाडू गेली होती. मागे चिटपाखरू नाही, असं बेकरीवाला स्वतः सांगून गेला होता.

तिने बॅरिकेड ओढलं.

"मागे कोणी नाही. हळू जा," ती म्हणाली. पण व्हॅन सुटली होती.

वळणापलीकडून आवाज आला तो मोठा नव्हता. रिकामं पिंप पडावं तसा. मग ब्रेकचा करकराट, तोही उशिरा. वहिनी धावली. धावताना तिला एकच वाटत होतं, कुत्रं असू दे. कुत्रं असू दे.

वळणापलीकडे पेट्रोल पंप होता. भिंगरी तिथल्या बाईमाणसांच्या संडासात गेली होती. सायकल तिने पंपाच्या मागे, सावलीत लावली होती. तेवढ्यात झाडू पुढून निघून गेली. बाहेर आल्यावर पंपावरच्या पोऱ्याने तिला सांगितलं, "ताई, सगळे गेले." ती हसली म्हणे. म्हणाली, "म्हटलंच होतं, शेवटून पहिली." आणि झाडूला गाठायला म्हणून मान खाली घालून, जीव तोडून निघाली. रस्ता बंद होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्या रस्त्यावर तिला समोर बघायची गरज वाटत नव्हती.

हे सगळं नंतर कळलं. तेव्हा वहिनीला दिसली ती पिवळी जर्सी. जर्सीची बाजू तिनेच आत घेतली होती.

रंगारी रस्त्यात उभा होता, दोन्ही हात डोक्यावर ठेवून. "मागे कोणी नाही म्हणालात तुम्ही," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. व्हॅनमधून त्याची बायको आता ओरडू लागली होती. अँब्युलन्स एकच होती आणि ती महापौरांच्या मंडपापाशी होती. वहिनीने त्याला हलवलं. "उचल. पाय धर. उचल म्हणते ना!"

त्यांनी भिंगरीला व्हॅनमध्ये घातलं. दुसरी जागाच नव्हती. रंगाचे डबे ढकलून वहिनी खाली बसली, नणंदेचं डोकं मांडीवर घेऊन. वरच्या सीटवर ती बाई कळा देत होती. कळ आली की तिचा हात खाली यायचा आणि वहिनीचा खांदा गच्च धरायचा. वहिनी एका हाताने भिंगरीच्या कपाळावरचं रक्त पुसत होती आणि दुसऱ्या हाताने त्या बाईचा हात धरून होती. रंगारी आरशात बघत गाडी चालवत होता आणि लहान मुलासारखा रडत होता.

"पुढे बघ," वहिनी म्हणाली. "पुढे बघ फक्त."

भिंगरीने एकदा डोळे उघडले. वहिनीकडे बघितलं, पण ओळखलं की नाही कोण जाणे. ओठ हलले. वहिनीने कान जवळ नेला. काही ऐकू आलं नाही. व्हॅनचाच आवाज फार होता.

दवाखान्याच्या दारात दोन स्ट्रेचर आली. एक डावीकडे गेलं, एक उजवीकडे. रंगाऱ्याला मुलगी झाली. भिंगरी दुपारी गेली.

भाऊ आला तेव्हा त्याच्या हाताला लिफ्टचं ग्रीस होतं. तो वहिनीसमोर उभा राहिला. त्याने रडणं, ओरडणं काही केलं नाही. विचारलं, "बॅरिकेड कोणी उघडलं?"

"मी."

ती अजून सांगणार होती, झाडूचं, निरोपाचं, त्या बाईचं. पण त्याने मान फिरवली आणि भिंतीला टेकून खाली बसला.

संध्याकाळी डॉक्टर घरी आले. सोबत बेकरीवाला होता. त्याचं तोंड काळं पडलं होतं, तो दाराशीच थांबला. डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, उद्या जबाब घ्यायला येतील. एक ऐका. तिथे तुमच्याशिवाय कोणी नव्हतं. तो व्हॅनवाला बॅरिकेड तोडून घुसला, असं सांगा. तुम्ही बाईमाणूस, एकट्या, काय अडवणार होता? कोणी शंका घेणार नाही."

"आणि तो?"

"त्याने गाडी भरधाव चालवलीच ना? खोटं काय त्यात?"

"त्याने बॅरिकेड तोडलं नाही."

"वहिनी, तुमच्यासाठी सांगतोय. क्लबासाठीही. लेनचं सगळं मुसळ केरात जाईल."

ते गेल्यावर नवरा पहिल्यांदा बोलला. "ते म्हणतात तसं सांग."

"त्याची बायको ओली बाळंतीण आहे. त्याला आत टाकतील."

"टाकू दे! कोणाला तरी टाकू दे!" तो इतक्या जोराने ओरडला की शेजारच्या घरातला आवाज बंद झाला. मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "मला कोणाचा तरी राग करायचाय गं. तू सांगितलंस की तो घुसला, तर मी त्याचा करेन. नाहीतर मी काय करू? कोणाचा करू?"

वहिनीला कळत होतं तो काय मागतोय. तो तिला वाचवत होता, आणि स्वतःलाही. संसार त्या एका वाक्यावर टेकला होता. आणि ते वाक्य बोलायला जीभ उचलली की तिला ते जोडलेले हात दिसायचे.

दुसऱ्या दिवशी पोलीस अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा तिने जसं घडलं तसं सांगितलं. मी उघडलं. निरोप आला नव्हता, तरी उघडलं. अधिकारी लिहिता लिहिता थांबला. म्हणाला, "बाई, नीट विचार करून बोलताय ना?" ती म्हणाली, "विचार करूनच उघडलं होतं."

नवरा दारात उभा होता. त्याने ऐकलं आणि चपला घालून बाहेर निघून गेला.

गुन्हा दोघांवरही नोंदला गेला, तिच्यावर आणि रंगाऱ्यावर. तारखा पडू लागल्या. हवालदाराला कोणी काही विचारलं नाही. महापौरांनी शोक व्यक्त केला. क्लबाने एक सभा घेतली आणि त्या सभेत ठरलं की वहिनी क्लबाच्या सभासद कधी नव्हत्याच, त्या हौसेने आल्या होत्या. ते खरंही होतं. डॉक्टरांनी स्वतः येऊन तिला हे सांगितलं. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण वाईट वाटून घेण्यापलीकडे त्यांनी काही केलं नाही.

मग एकेक जण दुकानात येऊ लागला, जर्सी घेऊन. क्लब मोडत होता. जर्सी चांगल्या कापडाची होती, व्यायामाला वापरता येईल, फक्त छातीवरचा बिल्ला काढून द्या, म्हणायचे. वहिनी ब्लेडने टाके उसवून बिल्ले काढून द्यायची. कोणी तिच्या नजरेला नजर द्यायचं नाही. एक पेपरवाला मात्र बिल्ला न काढता नुसताच येऊन बसला, कपड्यांच्या ढिगावर. बसल्यावर त्याला कळलं की ती कोणाची जागा आहे. तो तटकन उठला. "बस रे," वहिनी म्हणाली. पण तो बसला नाही.

घरात नवरा गरजेपुरतं बोलायचा. चावी कुठे आहे. पाणी गेलंय. उद्या उशीर होईल. भिंगरीच्या खोलीचं दार त्याने लावून घेतलं होतं. एकदा जेवताना त्याने घास खाली ठेवला आणि ताटाकडे बघत म्हणाला, "लिफ्टच्या दाराला एक खटका असतो. डबा समोर आल्याशिवाय दार उघडतच नाही. बाहेरचा माणूस रडो, भेको, हातापाया पडो, उघडत नाही. खटक्याला दया येत नाही. म्हणून माणसं जिवंत राहतात."

वहिनी म्हणाली, "मी खटका नाही हो."

"हो ना," तो म्हणाला. "तेच."

दोघांनी ताटं तशीच उचलली.

पुढे एकदा रंगारी दुकानात आला. बायको बरोबर होती, तिच्या खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. बायको अजून फिकट होती. दोघं उंबऱ्यातच थांबले.

"मी हळू जायला हवं होतं," तो म्हणाला.

"मी उघडायला नको होतं," वहिनी म्हणाली.

"नाही ताई, चूक माझी. तुम्ही हळू जा म्हणालात, ते मला ऐकू आलं होतं."

"ऐकलंस?"

"ऐकलं. पण..." त्याने बायकोकडे बघितलं.

दोघंही दोष आपल्याकडे ओढत होते, आणि दोष दोघांनाही पुरून उरत होता. त्याच्या बायकोने मुलगी पुढे केली. वहिनीने घेतली. मुलगी उबदार होती, झोपेत ओठ हलवत होती. वहिनीला वाटलं होतं की हिला हातात घेतल्यावर काहीतरी होईल, छातीवरचं ओझं थोडं हलेल, किंवा राग तरी येईल. काहीच झालं नाही. एक लहान मूल हातात होतं, बस. तिने ते परत दिलं.

"पुन्हा येऊ नका," ती म्हणाली. "तुमच्यावर राग नाही माझा. पण येऊ नका."

रंगाऱ्याची बायको म्हणाली, "मला तुमचा हात आठवतो." मग ते गेले.

रिंगरोडवर लेन झाली नाही. झालं ते वेगळंच. एके दिवशी सकाळी दोन्ही टोकांना मोठे फलक लागले: सुरक्षेच्या कारणास्तव या रस्त्यावर सायकलींना बंदी. वाहतूक हवालदार उभे राहिले आणि कारखान्याच्या माणसांना उतरवू लागले. गावाच्या वळशाने जायचं तर अर्ध्या रात्री उठायला हवं. काही जणांनी सायकली विकल्या. काही जण हवालदाराच्या नजरेआड सायकल दामटायचे आणि तो दिसला की उतरून हातात धरून चालू लागायचे. ट्रक आता पूर्वीपेक्षा वेगाने जात होते, कारण कडेला बघायचं कारण उरलं नव्हतं.

वहिनी महापालिकेत गेली. एकटीच. रस्त्यांच्या इंजिनिअरने तिला ओळखलं, बसायला सांगितलं, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता.

"माझी नणंद लेन मागायला म्हणून त्या शर्यतीत उतरली होती," वहिनी म्हणाली. "तिच्या जाण्याचं निमित्त करून तुम्ही बंदी घातलीत."

"बाई, भावना समजतात. पण आकडे बघा. बंदी घातल्यापासून त्या रस्त्यावर एकही सायकलस्वार मेलेला नाही."

"कारण तिथे सायकलस्वार नाहीत."

"तेच तर म्हणतो," तो म्हणाला. त्याला यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. "आणि बंदीचं कारण म्हणून शेवटी त्याच घटनेची नोंद आहे. म्हणजे त्यांचं जाणं अगदीच वाया गेलं, असं नाही."

वहिनी चहा न पिता उठली. जिन्यात तिला उमाळा आला. ती कठड्याला धरून उभी राहिली. वरून फायली घेऊन उतरणारी माणसं अंग चोरून बाजूने जात राहिली.

घरी येऊन तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. कितीतरी दिवसांनी तिने एवढं लांब काही सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भिंगरी असती तर त्याला काय म्हणाली असती?"

दोघंही विचार करू लागले. भिंगरीने काहीतरी चटकदार म्हटलं असतं, सगळे हसले असते. पण ते काय, हे दोघांपैकी कोणालाच सुचेना. नवऱ्याचे डोळे भरून आले. वहिनीने हात पुढे केला. त्याने तो धरला नाही आणि झटकलाही नाही. थोड्या वेळाने तो उठून तोंड धुवायला गेला.

पुढच्याच महिन्यात लिफ्टच्या कंपनीने दुसऱ्या गावी माणूस मागितला. नवऱ्याने स्वतःहून नाव दिलं. वहिनीने त्याचे शर्ट नीट बघितले, बटणं घट्ट केली, कामाच्या पँटच्या गुडघ्याला आतून दुहेरी कापड लावलं. तो बॅग भरताना बघत होता.

"मी ये म्हणत नाही," तो म्हणाला. "येऊ नको, असंही नाही."

"कळलं," ती म्हणाली.

"तू खरं बोललीस. त्यात चूक नाही. मला कळतं ते." तो शब्द शोधत थांबला. "पण तुझ्याकडे बघितलं की मला तो रस्ता दिसतो."

"मलाही," ती म्हणाली.

बस सुटेपर्यंत ती स्टँडवर उभी होती. त्याने खिडकीतून हात केला नाही, पण मान वळवून बघत राहिला, बस वळेपर्यंत. मग ती चालत दुकानात गेली. शटर वर केलं. दारात एक बाई मुलाचा शाळेचा गणवेश घेऊन उभी होती.

"वहिनी, पोरगं उंच झालं बघा. खाली सोडता येईल का?"

वहिनीने पँट उलटी केली, खालची दुमड उलगडून बघितली. सोडायला कापड उरलेलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "यात काही उरलं नाही. नवी घ्या."

बाई गेली. वहिनी मशीनपाशी बसली, सुईत दोरा ओवला, आणि कोणाचं काम आधी घ्यायचं ते न कळून तशीच बसून राहिली.